आत्याचा हक्क

मांगेरे, ऑकलंड
८ डिसेंबर १९९६

पिसिला,

देवाच्या दयेने आम्ही इथे उठून-बसून आहोत, तुम्हीही तिकडे असाल. आता कामाचं बोलते. तुला कामाचं लिहिलं तरी तू उत्तरात पावसापाण्याचंच लिहितेस, म्हणून आधीच सांगते, नीट वाच.

तोकिलुपेच्या सहावीच्या परीक्षेचा निकाल जानेवारीत रेडिओवर वाचतील. राजधानीतल्या मोठ्या शाळेच्या यादीत तिचं नाव येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. डोकं आमच्या घराण्याचं आहे. माझ्यानंतर आपल्या घरातून त्या शाळेत कोणी गेलं नाही. तुझ्या तिन्ही मुलांकडून मला काही आशा नाही, ते बापासारखे कोनफळं लावतील. ही एकटीच आहे.

राहायची सोय मी केली आहे. माझी थोरली चुलतबहीण कालिसी राजधानीत आहे, तिला कळवलं. मीही तिच्याच घरी राहून शिकले. पोटच्या पोरीसारखं वागवलं तिने मला. फेब्रुवारीत पोरगी बोटीवर बसली की झालं.

हे सगळं सिओएलीला लिहीत नाही. बहिणीने भावाशी असली घासाघीस करायची आपल्यात रीत नाही, आणि केली तरी तो ‘ताई म्हणेल तसं’ म्हणून शेतात जाऊन बसेल. तेव्हा तूच बघ.

गेल्या शनिवारी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. काय एकेक माणसं! एक वकील, एक विमानकंपनीतला साहेब, एक इस्पितळातली मुख्य परिचारिका. सगळी त्या एका शाळेची. स्वयंपाकघर नेहमीसारखं माझ्याकडे होतं. अळूच्या पानांत बांधलेलं मटण दीडशे माणसांना पुरून उरलं.

निकाल लागला की लगेच लिही. लगेच म्हणजे लगेच.

वासिती


ओहोनुआ, एउआ बेट
१९ जानेवारी १९९७

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं आणि तुम्ही पाठवलेलं सामानाचं पिंपही मिळालं. साबण, मटणाचे डबे, मुलांचे बूट सगळं शाबूत होतं, फक्त साखरेला मुंग्या लागल्या. तुमचे भाऊ आनंदात आहेत. यंदा वादळ आपल्याला चुकवून गेलं, फणसाला एक ओरखडाही नाही. देवाचे उपकार.

तोकिलुपेचा निकाल लागला. मोठ्या शाळेचं चार गुणांनी हुकलं, वन्सं. वाईट वाटून घेऊ नका. आम्ही तिला इथल्या चर्चच्या शाळेत घालतो आहोत. घरापासून चालत दहा मिनिटं आहे. मास्तर चांगले आहेत.

कालिसींना माझ्याकडून मान सांगा आणि त्यांना तसदी नको म्हणून कळवा.

तुमच्यासाठी एक चटई विणायला घेतली आहे. तोकिलुपेच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही घरातली सर्वांत मोठी चटई उचललीत, तेवढी मोठी नाही होणार. भाचीचं जे जे ते आत्याचं, हे मला लग्न झालं त्याच दिवशी सासूबाईंनी शिकवलं होतं. तेव्हा माझं काही म्हणणं नाही. फक्त आता माझे डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत.

पिसिला


मांगेरे
३० जानेवारी १९९७

पिसिला,

चार गुण! चार गुणांनी माणूस हरतो का? चार गुण म्हणजे मास्तरांना एक शिंक आली तेवढ्यात गेले असतील!

मी कपाळाला हात लावला. मग म्हटलं, हिच्यावर सोडलं तर ही चटई विणत बसेल. तेव्हा ऐक. हेडमास्तरांकडे जा. पेपर पुन्हा तपासायला अर्ज कर. तुला अर्ज लिहिता येत नसेल तर पाद्रीबाबांकडून लिहून घे. मी इकडे आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या चिटणिसाशी, सेमिसीशी बोलते. त्याचा मेहुणा शिक्षणखात्यात आहे. तोही आमच्याच शाळेचा. बघितलंस? अशी उपयोगी पडते ती शाळा. एकाने हाक मारली की दुसरा दार उघडतो. तुमच्या चर्चच्या शाळेतला कोण कुठलं दार उघडणार आहे? फावडं मारायला शिकवतात तिथे, दुसरं काय?

तू म्हणशील, शाळा कुठलीही असो, हुशार मूल पुढे येतंच. हे वाक्य मी फक्त त्याच लोकांच्या तोंडून ऐकलं आहे ज्यांची मुलं मागे राहिली. मला सांगू नकोस.

घराजवळ म्हणे! घराजवळ तर डुकरांचा गोठाही आहे, म्हणून तिला तिथे घालणार आहेस का?

वासिती


ओहोनुआ
१६ फेब्रुवारी १९९७

वन्सं,

हात जोडून सांगते, सेमिसींना त्रास देऊ नका. लोकांत उगाच चर्चा होईल. शाळा सुरू झाली आहे, पोरगी रमली आहे, पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तिला वर्गप्रमुख केलं.

फावडं मारायला शिकवतात हे खरं आहे. शुक्रवारी मुलं शाळेच्या शेतात काम करतात. मीही त्याच शाळेतली. आज या बेटावर झाडाच्या सालीचं कापड कुटणाऱ्या बायांचे तीन गट आहेत, त्यांतला एक माझ्या हाताखाली आहे. माझं काही अडलं नाही. तुम्ही तिथून उंटावरून शेळ्या हाकता, इथे शेळ्या आम्हाला सांभाळायच्या असतात. रागावू नका.

तुमचे भाऊ म्हणाले, ताई म्हणेल तसं. आणि शेतात गेले.

पिसिला

ता. क. पुन्हा विनवते, कुणालाही विचारू नका.


मांगेरे
११ मे १९९७

पिसिला,

काल सिओने नावाच्या म्हाताऱ्याच्या मयताला गेले होते. तिथे तुमच्या ओहोनुआची लोलोहेआ भेटली, निकाल लागला त्याच आठवड्यात मुलीकडे आली आहे. चारशे माणसांसमोर तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, “अगं वासिती, काय भाग्य! तुझ्या भाचीचं नाव रेडिओवर चौथं वाचलं! अख्ख्या देशात चौथी! मोठ्या शाळेत कशी चालली आहे?”

मी म्हटलं, “छान चालली आहे.”

दुसरं काय म्हणणार होते? माझी वहिनी मला फसवते, असं म्हणणार होते? शेजारी सेमिसी उभा होता. त्याला मी फेब्रुवारीत चार गुणांसाठी मेहुण्याला पत्र लिहायला लावलं होतं, उत्तर अजून यायचं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुरुषांच्या बैठकीत कावाची वाटी प्यायला निघून गेला. असं तोंडघशी मला आजवर कुणी पाडलं नव्हतं.

अख्खं बेट रेडिओ ऐकतं. अख्ख्या बेटाला माहीत होतं. आणि आत्याला माहीत नाही! मी संघातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं गं, की चार गुणांनी हुकलं बिचारीचं.

सिओएलीला हे माहीत होतं का? नको सांगूस. माहीत असणारच.

मला एकच कळव. का?

वासिती


ओहोनुआ
१ जून १९९७

वन्सं,

विचारलंत ना का? मग आता ऐका, आणि पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाडा.

खोटं बोलले. परमेश्वरासमोर कबूल करते, तुमच्यासमोरही करते. पण मला दुसरी वाट सांगा. तुम्हाला ‘नाही’ म्हणायची सोय आहे का या घरात? तुमच्या भावाला नाही, मला तर नाहीच नाही. तुम्ही म्हणाल ती पूर्व. लग्नात तुम्ही केक कापलात, बाळाचं नाव तुम्ही ठेवलंत, चटई तुम्ही उचललीत, मी मान खाली घालून बसले. पंधरा वर्षं खालीच आहे. पोर मात्र देणार नाही.

कालिसीच्या घरी पोटच्या पोरीसारखं वागवलं म्हणे! सासूबाई जाण्याआधी आठवडाभर मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. त्या एकदा न कळवता बोटीने राजधानीत आल्या होत्या, कोनफळांची टोपली घेऊन. सकाळचे दहा वाजले होते. शाळेची वेळ. आणि तुम्ही परसात अकरा माणसांचे कपडे धूत बसला होतात. तुमचा शाळेचा गणवेश दोरीवर होता, कोरडा, इस्त्री केलेला. सासूबाईंनी टोपली ठेवली आणि तशाच परत फिरल्या, कारण ते घर मानाने मोठं, त्यांना काय बोलणार? त्या मला म्हणाल्या, “पिसिला, मी माझ्या पोरीला न्यायला हवं होतं.” मरताना माणसाने असं बोलावं, वन्सं?

त्या दिवशी रेडिओवर लुपेचं नाव वाचलं आणि बाया टाळ्या वाजवायला लागल्या, तेव्हा मला ती दोरी दिसली. त्यावर माझ्या पोरीचा गणवेश दिसला.

आणि काय झालं हो त्या मोठ्या शाळेने? तुम्ही मला लिहिता, वृद्धाश्रमात देखरेख करते. तुमच्या शेजारच्या आनाने मला सांगितलं काय करता ते. गोऱ्या म्हाताऱ्यांच्या चादरी बदलता. त्यात कमीपणा नाही, हातांचं काम आहे, मीही हातांचंच करते. पण मग मला फावड्यावरून टोमणे मारू नका. वैताग आला आहे मला त्या शाळेचा. तिच्या नावाने या घरात किती वर्षं आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्यात!

झालं. आता काय शिक्षा करायची ती करा.

पिसिला


मांगेरे
२० जुलै १९९७

पिसिला,

पन्नास दिवस झाले, मला माहीत आहे. तीन पत्रं लिहिली. तिन्ही शिव्यांनी भरली होती, तिन्ही फाडली.

आईने तुला सांगितलं. मला कधीच म्हणाली नाही की ती आली होती. कोनफळांची टोपली मी पाहिली होती. मला वाटलं कुणी शेजाऱ्याने ठेवली. आम्ही ती खाल्लीही.

आता उरलेलं माझ्याकडून ऐक, कारण तुला अर्धंच माहीत आहे. पहिल्या वर्षी वर्गात माझा बारावा नंबर होता. खरंच होता. दुसऱ्या वर्षी कालिसीला जुळी झाली. मग सोमवार बुडायचा, मग मंगळवारही. चौथ्या वर्षी शेवटून दुसरी. शेवटच्या परीक्षेला मी बसलेच नाही. कालिसीच्या नवऱ्याने माझं नाव ऑकलंडच्या कामगारांच्या यादीत घातलं आणि मी विमानात बसले. घरी सांगितलं, शिक्षण झालं.

आमच्या मेळाव्यात जेवणाआधी एक रीत आहे. ज्या वर्षी शाळा सोडली त्या वर्षाची हाक देतात. ‘अडुसष्ट!’ म्हटलं की अडुसष्टवाले उठतात, गाणं म्हणतात, सगळे हसतात. मी सत्तावीस वर्षं त्या वेळी स्वयंपाकघरात आहे. मटण जमिनीतल्या भट्टीतून उकरायची वेळ झाली, ताटं मांडायची राहिली, काहीतरी काढते. अजून कुणी विचारलं नाही. मला कोणतं वर्ष आहे? कोणतंच नाही.

म्हणून मला ती तिथे हवी होती. ही शहाणपणाची गोष्ट नव्हती, हे आता दिसतं. शाळा वाईट नव्हती गं. मी तिच्या वर्गात बसलेच किती?

लुपेला तुझ्याजवळ ठेव. आत्या म्हणून माझा शब्द चालतो ना? मग हा माझा शब्द. कालिसीला मी स्वतः कळवते, आणि बाकीचंही दोन शब्दांत कळवते.

चटई पाठवू नकोस. डोळ्यांना जप.

वासिती


ओहोनुआ
१० ऑगस्ट १९९७

आत्या,

मी तोकिलुपे. तुमची पत्रं बोटीवरून मीच आणते, आणि आईला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मीच वाचून दाखवते. आईला वाटतं मला त्यातलं कळत नाही. शेवटचं पत्र ऐकताना आई रडली. मी मधली ओळ गाळली, ती मटणाची, कारण ती मला मोठ्याने वाचायची नव्हती.

तुम्ही दोघींनी ठरवलं. आधी तुम्ही ठरवलं मी जायचं, आई म्हणाली नाही. मग तुम्ही म्हणालात नाही, आई म्हणाली बरं. मला कुणी विचारलंच नाही! मी पत्रं वाचते म्हणजे मी टपालपेटी नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी रेडिओ फणसाच्या फांदीला टांगला होता. आई आणि बाया साल कुटत होत्या. माझं नाव चौथं वाचलं. सगळ्या बाया थांबल्या. आईने उठून बटण फिरवलं. म्हणून पाचवं नाव कुणाचं होतं ते मला अजून माहीत नाही. त्या दिवसापासून गावात कुणी त्याबद्दल बोललं नाही, कारण आई बोलत नव्हती. मला कधीकधी वाटतं, मला भासच झाला असेल.

इथली शाळा वाईट नाही. मास्तर चांगले आहेत. पण मी गणितं संपवते आणि मग उरलेला तास वर्ग झाडते, कारण दुसरं काही करायला नसतं. मी प्रत्येक वेळी पहिली येते आणि मला कुणी हरवतच नाही. मला त्या तीन मुलांना बघायचं आहे जी माझ्या पुढे होती. त्यांना मी हरवीन असं नाही. पण बघायचं आहे.

कपडे मला धुता येतात, पण शाळेच्या वेळेत मी धुणार नाही. कोणी सांगितलं तरी नाही. तुम्ही तेव्हा लहान होतात आणि सांगायला कुणी नव्हतं. मला तुम्ही दोघी आहात, आणि दोघी केवढ्या मोठ्याने भांडता!

हे पत्र मी आईला वाचून दाखवलं आहे. ती नुसती साल कुटते आहे. फार जोरात कुटते आहे.

तोकिलुपे


ओहोनुआ
७ डिसेंबर १९९७

वन्सं,

तुमच्या घराण्यातल्या बायांपुढे मी हात टेकले. एकीने पंधरा वर्षं मान वर करू दिली नाही, दुसरी माझ्याच पोटी आली.

ऐका काय झालं ते. गेल्या महिन्यात पोरीला घेऊन बोटीने राजधानीत गेले. समुद्र असा की दोघी ओकत होतो. शाळेत गेलो तर वहीत तिचं नाव अजून होतं, पुढे ‘आली नाही’ असं लिहिलेलं. हेडबाई म्हणाल्या, जागा देते, पण तिथल्या पहिल्या वर्षाला पुन्हा बसावं लागेल, वर्ष वाया जाईल. मी म्हटलं, झालं, आता ही नाही म्हणेल. ही म्हणाली, “बसते.” आणि मग विचारते काय, तर “पाचवी कोण होती?” हेडबाईंना काही कळेना. शेवटी त्यांनी यादी पाहून पाचव्या नंबरच्या बारक्याशा मुलीला वर्गातून बोलावलं. ‘आली नाही’वाली ती तूच का, असं त्या मुलीने हिला विचारलं, आणि दोघी हसल्या. मी तिथे खांबाला धरून उभी होते.

कालिसीच्या घरी ती राहणार नाही. मी स्वतः जाते आहे तिच्याबरोबर. राजधानीतल्या कोलोमोटुआत एक खोली मिळाली आहे, परसात साल कुटायला जागा आहे, तिथल्या बायांचा गट मला घेतो म्हणतो. तुमचे भाऊ आणि तिन्ही मुलगे इथेच राहतील. चौघांपैकी एकालाही चूल पेटवता येत नाही. मी सांगितलं, तर तुमचे भाऊ म्हणाले, ताई म्हणेल तसं. मी म्हटलं, ताई नाही, या वेळी मी म्हणते! त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “बरं.” आणि शेतात गेले.

मोठ्या शाळेने पोर मोठी होते असं मला अजूनही वाटत नाही. माझं हे मत लिहून ठेवा. मी तिला शाळेसाठी पाठवत नाही. तिने आपलं नाव ऐकलं होतं आणि मी बटण फिरवलं, म्हणून पाठवते.

आता तुमचं काम. सगळं नीट झालं तर लुपे ती शाळा २००३ साली सोडेल. लिहून ठेवा कुठेतरी, विसराल. आपल्या रीतीने भाचीचं जे जे ते आत्याचं. तुम्ही चटई घेतलीत, केक घेतलात, नाव ठेवायचा मान घेतलात, मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या. हे मात्र मी स्वतःहून देते. तिचं वर्ष घ्या. मेळाव्यात ‘दोन हजार तीन’ अशी हाक आली, की मटण कुणा दुसरीच्या हाती द्या, हात पुसा, आणि बाहेर येऊन उभ्या राहा.

कुणी विचारलं तर म्हणा, माझ्या वहिनीने सांगितलंय.

पिसिला